ट्रम्पेटचा ‘सा’ आजोबांच्या पेटीशी का जुळत नाही?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. मुलगा सहावीत आहे आणि शाळेच्या बँडमध्ये निवडला गेलाय. त्याला ट्रम्पेट हवा होता, पण सरांनी पहिले तीन महिने साइड ड्रमवर ठेवलं आणि दिवाळीनंतर ट्रम्पेट हातात दिला. तुमचे सासरे तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतात. नातवाला मदत म्हणून ते पेटी घेऊन बसले, ‘सा’ धरला, त्यानेही पुस्तकात बघून ‘सा’ फुंकला, तर दोन्ही स्वर एकमेकांशी भांडायला लागले. सासरे म्हणाले, वाद्यच बेसूर आहे. त्यात दहा मिनिटं वाजवलं की मुलाचे ओठ बधिर होतात, वरचे स्वर निघत नाहीत, आणि सव्वीस जानेवारी जवळ आलीय. आता तुम्ही विचारताय की नवं वाद्य घ्यावं का, आधी पेटीचा क्लास लावावा का, की पुन्हा ड्रमवर पाठवावं.

यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. पेटीशी न जुळणं ही एक. तिच्यात ना मुलाची चूक आहे, ना आजोबांची, ना बहुधा वाद्याची, आणि ती पाच मिनिटांत सुटते. दुसरी गोष्ट ओठांची. ती खरी आहे, आणि मला काळजी वाटते ती तिचीच.

आधी पेटी. आजोबांना हे उत्तर वाचून दाखवा, त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजेल. मंडळात एखादे बुवा काळी एकमध्ये (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर) गाणारे असले की आजोबा काळी एकला ‘सा’ धरतात. दुसरे पांढरी चारचे असले की तिकडे सरकतात. ‘सा’ म्हणजे ठरलेली पट्टी नव्हे, गाणाऱ्याप्रमाणे तो हलतो, हे त्यांच्या बोटांना पाठ आहे. ट्रम्पेटसुद्धा असाच एक गाणारा समजा. त्याची पट्टी आहे काळी पाच. शाळांमध्ये सर्रास मिळणारा ट्रम्पेट ‘बी फ्लॅट’ जातीचा असतो, आणि बी फ्लॅट हे काळी पाचचंच इंग्रजी नाव. पुस्तकात ज्या स्वराला ‘सी’ लिहिलेलं असतं, तो त्याने वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. आजोबा पांढरी एक धरून बसले असणार. मग भांडण होणारच, दोघांमध्ये अख्ख्या एका स्वराचं अंतर आहे.

खात्री करून घ्या. मुलाला एकही वॉल्व्ह (बोटांनी दाबायचं बटण) न दाबता आरामात निघेल तो खालचा स्वर फुंकायला सांगा. तो पेटीच्या काळी पाचशी किंवा पांढरी चारशी जुळला, तर वाद्य ठीक आहे. काळी पाच म्हणजे त्याचा ‘सा’ आणि पांढरी चार म्हणजे त्याचा ‘प’. नवशिक्याच्या तोंडून पुष्कळदा आधी ‘प’च निघतो, त्यामुळे गोंधळू नका. आता आजोबांनी त्याच्यासाठी सप्तक असं धरायचं: सा काळी पाच, रे पांढरी एक, ग पांढरी दोन, म काळी दोन, प पांढरी चार, ध पांढरी पाच, नि पांढरी सहा. स्केल चेंजरची पेटी असेल तर आणखी सोपं. पट्टी सरकवायची आणि नेहमीच्या जागी बोटं ठेवायची.

‘मग पुस्तकात सरळ खरा स्वरच का लिहीत नाहीत?’ हा प्रश्न मला दरवर्षी कुठला तरी पालक विचारतो आणि तो रास्त आहे. यामागे वाजवणाऱ्याची सोय आहे. सॅक्सोफोनचं कुटुंब घ्या. आल्टो सॅक्सोफोन काळी दोनचा, टेनर काळी पाचचा. दोघांची पुस्तकं अशी लिहितात की ‘सी’ दिसला की बोटं दोन्हीवर तीच पडावीत. आज आल्टो वाजवणारी मुलगी उद्या टेनर घेऊन उभी राहिली तरी तिला बोटं नव्याने शिकावी लागत नाहीत. हिशोब करायचा तो बँडमास्तरांनी. म्हणून ‘कॉन्सर्ट बी फ्लॅट द्या’, म्हणजे प्रत्यक्ष काळी पाच ऐकू येऊ द्या, असं मी म्हटलं की बासरीवाला ‘बी फ्लॅट’ वाजवतो, ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ‘सी’, आल्टो सॅक्सोफोन ‘जी’. नावं वेगळी, पण मैदानावर एकच स्वर उमटतो. नव्या मुलांना मी हे पहिल्याच आठवड्यात ऐकवतो. तिघांना समोर उभं करायचं, तिघांकडून आपापलं नाव मोठ्याने म्हणवून घ्यायचं आणि मग एकत्र फुंकायला लावायचं. त्या क्षणी मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

एवढं करूनही आजोबांचा कान थोडं खुपतंय म्हणाला, तर त्याची तीन कारणं असू शकतात. पेटीचे सूर वर्षानुवर्षांत थोडे हलतात आणि ते घरी जुळवता येत नाहीत, म्हणून पेटीशी जुळवून घ्यायचं काम ट्रम्पेटचं. त्याची पुढची मोठी वळणदार नळी थोडी बाहेर ओढली की स्वर उतरतो, आत ढकलली की चढतो. साधारण एक सेंटिमीटरपासून सुरुवात करा. दुसरं कारण म्हणजे थंड वाद्य उतरतं आणि गरम झालेलं चढतं. पाच मिनिटं वाजवल्याशिवाय जुळवायचंच नाही. तिसरं कारण मला फार आवडतं. खालच्या ‘सा’च्या लगेच वरचा ‘रे’ पहिला आणि तिसरा वॉल्व्ह एकत्र दाबून वाजतो, आणि तो जात्याच चढा लागतो. प्रत्येक वॉल्व्ह नळीची लांबी थोडी वाढवतो: दुसरा अर्ध्या स्वराइतकी, पहिला एका स्वराइतकी, तिसरा दीड स्वराइतकी. पण हे माप मूळ नळीवरून काढलेलं असतं. एक वॉल्व्ह दाबून नळी आधीच लांबली की सोबत दाबलेल्या आणखी एका वॉल्व्हची भर तिला पुरत नाही आणि स्वर चढा राहतो. यासाठी तिसऱ्या वॉल्व्हच्या नळीला डाव्या हाताच्या बोटासाठी कडी दिलेली असते. ‘रे’ धरताना ती किंचित पुढे ढकलायची. आजोबांनी नेमका हाच ‘रे’ खटकला असं सांगितलं, तर घरात असा कान असणं हे तुमच्या मुलाचं मोठं भाग्य आहे, एवढंच म्हणेन.

थोडं विषयांतर करतो. शाळेच्या बँडमधल्या बिगुलाला वॉल्व्ह नसतात. नळी तेवढीच राहते आणि वाजवणारा फक्त ओठांनी आतल्या हवेचे दोन, तीन, चार, पाच, सहा भाग करतो. त्यातून सा, प, वरचा सा, वरचा ग आणि वरचा प हेच पाच स्वर निघतात. आपल्या तुतारीचं तत्त्वही हेच. म्हणून बिगुलावर इशारे वाजतात, राष्ट्रगीत वाजत नाही, कारण ‘रे’ आणि ‘म’ त्यात नाहीतच. आणि बिगुलातला तो वरचा ‘ग’ पेटीच्या ‘ग’पेक्षा किंचित उतरलेला असतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येतो, तोच हा गंधार. आजोबांना एकदा शांतपणे ऐकवा.

आता ओठ. ट्रम्पेटमध्ये आवाज धातू करत नाही, ओठ करतात. दोन ओठांच्या फटीतून हवा गेली की ते थरथरतात. नळी ती थरथर मोठी करते आणि आपल्या लांबीप्रमाणे तिला स्वरात बांधते. सहावीतल्या मुलाच्या ओठांभोवतीचे स्नायू या कामाला सरावलेले नसतात. दहा मिनिटांत बधिर होणं हा थकवा आहे, पण या वयात इतक्या लवकर तो येतो तेव्हा मला एकच शंका येते: मूल माऊथपीस (ओठांना लावायचा पुढचा सुटा भाग) ओठांवर दाबतंय.

वाजवणं थांबल्यावर लगेच त्याचे ओठ बघा. फिकट गुलाबी गोल वळ असेल आणि एक-दोन मिनिटांत पुसला जात असेल, तर काही बिघडलेलं नाही. तो खोल आणि पांढरट असेल, बराच वेळ टिकत असेल, तर दाब जास्त आहे. मग उजवा हात बघा. ट्रम्पेटवर करंगळीसाठी एक आकडा असतो. वरचा स्वर येईना की मुलं त्यात करंगळी अडकवतात आणि वाद्य तोंडाकडे खेचतात. स्वर येतो खरा, पण रक्त अडून ओठ मरगळतो. पुढच्या वेळी आणखी खेचावं लागतं आणि असं चक्र सुरू होतं. माझ्याकडे नवी मुलं पहिले तीन महिने करंगळी आकड्यावर ठेवतात, आकड्यात घालत नाहीत.

घरी करायचा सराव असा. ट्रम्पेट त्याच्या खोक्यातच राहू द्या. ओठ ‘म’ म्हणताना मिटतात तसे मिटवायचे, कोपरे घट्ट, मध्य सैल, गाल फुगवायचे नाहीत. मग लहान मूल गाडी गाडी खेळताना करतं तसा ओठांनी ‘ब्रर्र’ आवाज काढायचा, पण बारीक. नंतर नुसत्या माऊथपीसवर तोच आवाज, दोन मिनिटं. माऊथपीस अंगठा आणि पहिलं बोट अशा दोनच बोटांनी धरायला लावा, म्हणजे दाबायचं म्हटलं तरी दाबता येत नाही. मग ट्रम्पेटवर एकच लांब स्वर, आठ मात्रा. तेवढाच वेळ विश्रांती. पुन्हा स्वर. इथेच आजोबा हवेत. त्यांनी काळी पाच आणि पांढरी चार अशी सा-प ची जोडी धरून ठेवायची आणि नातवाने त्यात आपला स्वर मिसळायचा. मिसळला की दोघांनाही कळतं, सांगावं लागत नाही. वाजवणं आणि विश्रांती मिळून पंधरा-वीस मिनिटं रोज. रविवारी दीड तास आणि आठवडाभर काही नाही, हा सराव ओठांच्या उपयोगाचा नाही.

गाणं? महिनाभर नाही. हे लिहिताना मला माहीत आहे की शाळेचं वर्ष पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी या दोन खुंट्यांना बांधलेलं असतं, आणि प्रत्येक मुख्याध्यापकांना त्या दिवशी बँड वाजायला हवा असतो. मीही सुरुवातीची काही वर्षं तसंच केलं. सहा आठवड्यांत मुलांना धून पाठ करून मैदानावर उभं केलं. धून वाजली, टाळ्या पडल्या, आणि मार्चपर्यंत ट्रम्पेटवाल्या सहा मुलांपैकी चौघांनी वाद्य सोडलं. ती हुशार मुलं होती. त्यांच्या ओठांना लागणारा वेळ मी दिला नव्हता. राष्ट्रगीतात खालच्या ‘नि’पासून वरच्या ‘सा’पर्यंत जावं लागतं. तो वरचा ‘सा’ दोन महिन्यांच्या ओठांकडून मागायचा नाही. सरांना नम्रपणे विचारा की यंदा सव्वीस जानेवारीला त्याला ड्रमवर किंवा झांजेवर ठेवता येईल का, आणि ट्रम्पेटवर पंधरा ऑगस्टला. चांगले सर आनंदाने हो म्हणतील.

मुलाला ही शिक्षा वाटेल, म्हणून साइड ड्रमबद्दल दोन शब्द त्याच्यासाठी. राष्ट्रगीत बँडवर वाजतं तेव्हा लोकांना सावध करायला आधी ड्रमचा रोल द्यायचा असतो, आणि त्याचा नियम शासनाने लिहून ठेवलेला आहे. संचलनाच्या भाषेत स्लो मार्चची सात पावलं होतील इतका वेळ तो चालतो. रोल हळू सुरू होऊन जमेल तेवढा मोठा होतो, मग उतरत जातो, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहायला हवा. मग एका ठोक्याची शांतता. मग राष्ट्रगीत, सुमारे 52 सेकंद. त्या शांततेत अख्खं मैदान ड्रमवाल्या मुलाच्या हाताकडे बघत असतं. तो रोल सलग यायचा तर प्रत्येक काठीने दोन-दोन ठोके समान पडावे लागतात: उजवा उजवा, डावा डावा. दुसरा ठोका मनगट मारत नाही, काठी उसळून पडते आणि बोटं तिला झेलतात. हे बसायला महिने लागतात. फळीवर सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा ठोकला की सरावाचं पॅड तयार, आणि शेजाऱ्यांनाही त्रास नाही.

आणि लय तर पायातच असते. क्विक मार्च मिनिटाला 120 पावलांचा. स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा सेकंदकाटा टिकटिक करत असेल, तर त्याखाली मुलाला उभं करा. टिक पडली की डावा पाय, मधोमध उजवा. बास ड्रमचा ठोका डाव्या पायावर येतो, म्हणजे ती टिक हाच त्याचा बास ड्रम. दोन मिनिटं पाय चुकले नाहीत की पावलं चालू ठेवून सारेगम म्हणायला लावा, एका पावलाला एक स्वर. लेझीम खेळलेली मुलं हे पटकन उचलतात, असा माझा अनुभव आहे.

तुमचे उरलेले प्रश्न लवकर आटपतो. पेटीचा वेगळा क्लास नको. आजोबा आहेत, आणि वाजवण्याआधी प्रत्येक स्वर तोंडाने गायची सवय त्याहून मोलाची आहे. पाच रेषांची लिपी, म्हणजे पुस्तकातली पाश्चात्य स्वरलिपी, यायला हवी, पण आत्ता पाचच स्वरांपुरती. नवं वाद्य घेऊ नका. घ्यायचाच तर त्याचा स्वतःचा माऊथपीस घ्या, नवशिक्यांसाठी ‘7 सी’ या मापाचा चालतो. स्वच्छतेच्या दृष्टीनेही हे बरं, आणि आठवड्यातून एकदा तो कोमट पाण्याने व साबणाने धुवायचा. शाळेचा ट्रम्पेट तपासायचा असेल, तर वॉल्व्ह न दाबता त्याची छोटी नळी थोडी बाहेर ओढा आणि मग वॉल्व्ह दाबा. ‘टप्’ असा आवाज आला तर वॉल्व्ह हवा धरतोय. आलाच नाही तर तेल घालून पुन्हा बघा. तरीही नाही, तर वाद्य दुरुस्तीला द्यायला सांगा. ही तपासणी मी कधीच टाळत नाही, कारण एकदा एक मुलगी क्लॅरिनेटवर तीन आठवडे झगडली आणि ‘मला जमत नाही’ म्हणून रडली होती. अंधाऱ्या खोलीत वाद्याच्या आत छोटा दिवा सोडला तर भोकं झाकणाऱ्या दोन पॅडच्या कडांतून उजेड झिरपताना दिसला. वाद्य कोऱ्या खोक्यातून आलेलं होतं. पॅड बदलल्यावर तिच्या पहिल्याच फुंकरीला स्वर आला.

काही गोष्टी मी इथून ठरवू शकत नाही. त्याच्या दातांना तार लावलेली असेल किंवा लवकरच लागणार असेल, तर ट्रम्पेट अवघड जाईल. आतून ओठ सोलतो. अशा वेळी दंतवैद्यांशी बोलून सॅक्सोफोनचा किंवा मोठ्या माऊथपीसच्या युफोनियमचा (ट्रम्पेटपेक्षा मोठं पितळी वाद्य) विचार करा. त्याला दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंच फुंकायचं वाद्य नको. आणि शाळेतले सर मुळात कुठलं वाद्य वाजवतात, यावरही बरंच अवलंबून आहे. ते ड्रमवाले असतील, तर आठवड्यातून एकदा कुणी फुंकणारा माणूस हवाच. तालुक्याच्या गावात तो बहुतेक वेळा लग्नाच्या बँडमध्ये सापडतो. लोकांनी त्यांना वरातीपुरतं ठेवलंय याचं मला वाईट वाटतं. चार-चार तास चालत वाजवूनही ज्यांचे ओठ टिकतात, अशा माणसांइतकं दाबाबद्दल कुणालाच कळत नाही. मी स्वतः श्वास कुठे घ्यायचा ते अशाच एका उस्तादांकडून, लग्नसराई संपल्यावर त्यांच्या ओसरीवर बसून शिकलो. मानाने बोलवा, योग्य मानधन द्या.

या आठवड्यापुरतं इतकंच: आजोबांना काळी पाच सांगा, ओठांवरचा वळ बघा, करंगळी आकड्यातून सोडवा, आणि घड्याळाखाली दोन मिनिटं पावलं. पुढच्या रविवारी तो आठ मात्रांचा ‘सा’ पेटीत मिसळून धरू शकला, तर त्याला लगेच ‘रे’ द्या, आणि तिसऱ्या नळीची कडी कशी ढकलायची ते आजोबांच्या कानावर सोपवा.